विशाखाच्या फियाटची कुरकुर

औरंगपुऱ्यात ऐन गर्दीच्या वेळी विशाखाच्या जुन्या फियाटशेजारी एक मोटारसायकल थांबली. वरचा तरुण वाकून म्हणाला, "मॅडम, गाडी बाजूला घ्या. आवाज बरा नाय."

विशाखाचं डोकं आधीच तापलेलं. "इंजिन गेलंय, मोडीत काढा, असंच ना? तिसरे तुम्ही. जा, बाबांना सांगा. मिस्त्री लोक माझ्याशी बोलतच नाहीत."

फियाट तिच्या वडिलांची, कडुबांची. याच गाडीतून अजिंठ्याला पर्यटक नेऊन-आणून त्यांनी लेकीला शिकवलं होतं. आता ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. महिनाभर गाडी कण्हत होती. आवाज पुढून येतो, इंजिनातून नाही, हे विशाखानं दोन गॅरेजांत सांगितलं. दोन्हीकडं मिस्त्र्यांनी तिच्याऐवजी कडुबांकडं बघत इंजिन बाद ठरवलं. म्हातारा खचला. उद्या मोडवाला गाडी न्यायला येणार होता.

"मी कुठं तसं म्हणलो?" तरुण खाली उतरला. "गाडी रोज तुम्ही चालवता. तुम्हाला काय वाटतं?"

विशाखानं गाडी कडेला घेतली. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं...

"हेडलाइट लावले की आवाज वाढतो," ती म्हणाली. "म्हणजे डायनामो... असं मला वाटतं."

त्यानं बॉनेट उघडलं, पान्यानं डायनामो फिरवणारा पट्टा काढला. "लावा आता."

इंजिन सुरू झालं. कण्हणं गायब. मग इंजिन बंद करून त्यानं डायनामोची पुली हातानं फिरवली, तर ती खरखरली.

"बेअरिंग झिजलंय. इंजिन ठणठणीत हाय. तुमचंच बरोबर होतं, मॅडम."

"मग त्या दोघांना कळलं नाही?"

"तुमचं ऐकलं असतं, तर कळलं असतं."

राग तसाच होता, तरी विशाखाला हसू फुटलं. तो तिच्याकडं बघत राहिला आणि पाना त्याच्याच पायावर पडला.

त्याचं नाव आदिनाथ. फुलंब्रीत पाण्याचे पंप आणि जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी मोडवाला यायच्या आत त्यानं बेअरिंग बदललं. कडुबा स्टिअरिंगवर हात ठेवून किती तरी वेळ नुसते बसून राहिले.

पुढचे तीन रविवार आदिनाथ येत राहिला. कधी पट्टा ढिला, कधी हॉर्न बसलेला. चहा मात्र दोन-दोन तास चालायचा. नंतर तो यायचाच बंद झाला. फोन केला तर म्हणे, "गाडी नीट हाय ना? मग झालं."

विशाखानं तडक फुलंब्री गाठली. पत्र्याच्या शेडपुढं गाडी उभी करून ती उतरली.

"दोन रविवार का आला नाहीत?"

"गाडीत बिघाडच राहिला नाय..." तो हात पुसत राहिला. "काय म्हणून येऊ? तुम्ही प्रोफेसर. आम्ही मेंढरं राखणाऱ्यांच्या घरचे, त्यात मिस्त्री. तुमच्या मनात तसं काय नसणार—"

"माझ्या मनातलं तुम्ही परस्पर ठरवलंत?" ती पुढं झाली. "मला विचारायचं तरी."

आदिनाथनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग विचारतो... मी आवडतो का तुला?"

"आवडतोस. दोन रविवार रडवलंस, तरीही."

आतून त्याची आई, आक्काबाई, ओरडल्या, "कोण आलंय रं? गिऱ्हाईक हाय का?"

"गिऱ्हाईक नाय, आई," विशाखावरची नजर न हलवता तो म्हणाला. "चहा ठेव. दोघांचा."

"तिघांचा," विशाखा फणकाऱ्यानं म्हणाली, आणि पदराला हात पुसत आक्काबाई बाहेर आल्या, तशी वाकून त्यांच्या पाया पडली.