धबधब्याचा आवाज थांबला तेव्हा

तुम्हाला पटो न पटो, यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. माझी थोरली मावशी मुक्ताबाई हिच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा त्यात काडीचाही फरक पडला नाही.

साल १९७१. श्रावणातला सोमवार. दुपारचे तीन.

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. मूळची तिसगावची, कोरड्या मुलखातली. भंडारदऱ्याच्या बाजूला बदली होऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते.

त्या दुपारी गोजरबाई नावाची म्हातारी चिंब भिजून दवाखान्यात आली.

"बाई, सून अडलीया माझी. रंगू. पोरगा नाशकाला गेलाय, घरात ती एकटीच हाय. चला लवकर."

वाडी डोंगरात. दीड तासाची पायवाट, दाट झाडीतून, एका मोठ्या धबधब्याला लागून.

दोघी निघाल्या. धुकं असं, की चार पावलं पुढची गोजरबाई दिसेना. धबधबा मात्र लांबूनच ऐकू येत होता. जवळ पोचल्यावर तर ओरडून बोलावं लागत होतं.

आणि मग...

आवाज थांबला.

मावशीला वाटलं, कानाला दडे बसले. तिने वर पाहिलं. पाणी कोसळतच होतं. तसंच, पांढरंफेक.

पण आवाज नव्हता.

पावसाचा नाही. बेडकांचा नाही. स्वतःच्या पावलांचासुद्धा नाही. गोजरबाईची धाप तेवढी ऐकू येत होती.

त्या शांततेत हाक आली...

"आत्याबाई..."

खालून. डोहाकडून.

तिकडे सुना सासूला अशीच हाक मारतात. गोजरबाई जागीच थांबली.

"माझी रंगू हाय ती."

"अहो, रंगू घरी आहे ना?"

"सुनंचा आवाज मला कळत न्हाई व्हय, बाई?"

"आत्याबाई... लई दुखतंय..."

म्हातारी वाट सोडून खाली उतरायला लागली. निसरडा कातळ, आणि खाली डोह. मावशीने मागून तिच्या कमरेला मिठी मारली. दोघी आपटल्या. मावशीचा गुडघा फुटला. म्हातारी तिच्या मनगटाला चावली, रडली, शिव्या देत राहिली.

मावशीने सोडलं नाही.

असा किती वेळ गेला, ते तिला कधीच सांगता आलं नाही.

एकाएकी आवाज परत आला. धबधब्याचा, पावसाचा, सगळा एकदम.

हाक बंद झाली होती.

दोघी धापा टाकत वाडीवर पोचल्या. दार नुसतं लोटलेलं. आत चूल पेटलेली. रंगू पडलेली होती. शेजारी बाळ... पुसून, फडक्यात गुंडाळलेलं.

नाळ कापून दोऱ्याने बांधली होती. अगदी नीट. शिकलेल्या हाताने.

"कुणी केलं हे?" मावशीने विचारलं.

रंगूला प्रश्नच कळेना.

"तुमीच की, बाई. आत्ता तर गेला. हात किती गार हुतं तुमचं!"

"मी... एकटीच होते?"

"न्हाई. आत्याबाई हुत्या की. कोपऱ्यात बसल्या हुत्या... भिताडाकडं तोंड करून."

गोजरबाईने त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

मावशीने बाळ तपासलं. धडधाकट मुलगा. तिच्या जिवात जीव आला, तेवढ्यात रंगूनेच विचारलं,

"बाई, जाताना तुमी तसं का म्हणाला?"

"कसं?"

"म्हणाला... 'सांभाळ. मी येईन याला न्यायला.'"

महिनाभरात मावशीने बदली मागून घेतली. त्या वाटेने ती पुन्हा कधी गेली नाही. पण मरेपर्यंत, दर पावसाळ्याच्या तोंडाला, तिचं एक पोस्टकार्ड त्या वाडीला जायचं. मजकूर एकाच ओळीचा. मुलगा कसा आहे?

मुलाचं नाव गोरक्ष. आता पन्नाशी ओलांडलीय त्याने. मावशी गेल्यावर ते कळवायला मी मुद्दाम वाडीवर गेलो. रंगूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी त्या दिवसाचा विषय काढला, तशी तिने झटकन माझं मनगट धरलं.

"हळू बोल, बाबा. त्याला अजून सांगितलं न्हाई आमी."

तेवढ्यात गोरक्ष आतून चहा घेऊन आला. हसून म्हणाला, "पावसाचं आलात. राहा की आजच्या दिवस."

मी कप घेतला. पण त्याच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

न्यायला कुणी आलेलं नाही.

अजून तरी.