मागच्या पॅडलवरचा जोर

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दोघी बहिणी एक जुनी सायकल बघायला निघाल्या. थोरली ग्रंथालयात ग्रंथपाल, धाकटी शहराच्या बसवर ड्रायव्हर. थोरलीला चव्वेचाळिसावं लागलं होतं आणि चार वर्षांपासून तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. हा आजार लोकांना समजावून सांगतानाच ती दमून जाई. वायरीवरचं रबर उंदरानं कुरतडावं तसं शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडत बसतं. मग मेंदूचा निरोप पायाला कधी उशिरा पोचतो, कधी अर्धाच पोचतो, कधी वाटेत हरवतो. तिच्या डाव्या पायाची गुडघ्याखालची जाणीव गेली होती. उजवा अजून ऐकत होता, पण ऊन वाढलं की तोही कानाडोळा करी. आणि या सगळ्यावर तो थकवा. माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो म्हणतात. ही उठे तीच भिजलेल्या गादीसारखी जड.

आजाराआधी ही बाई एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल मारायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्यायाम सोडू नका, पण एकटीनं दोन चाकांवर बसायचं नाही. वर्षभर घरातल्या स्टँडवर, भिंतीकडे तोंड करून पॅडल मारून ती विटली. तेव्हा धाकटीनं दोघांची सायकल शोधून काढली.

"टँडम म्हणतात तिला, ताई. हँडल माझं, ब्रेक माझे. तू मागे बसून नुसते पाय फिरव."

"आणि नाही फिरले तर?"

"तर मी फिरवीन. रोज साठ माणसं घेऊन फिरते, त्यात तुझं काय ओझं!"

दुकानात सायकल भिंतीला टेकून उभी होती. लांबलचक, हिरव्या रंगाची, जुनी पण निगुतीनं ठेवलेली. मिस्त्रीनं डाव्या बाजूची चेन दाखवली. पुढची आणि मागची पॅडलं त्या चेननं एकमेकांना बांधलेली होती. "पुढचीचे पाय फिरले की मागचीचे फिरणारच. अन् मागचीनं जोर लावला की पुढचीला लगेच कळतो. एकीला थांबायचं तर दोघींनी थांबायचं."

"मागच्याच पॅडलना पट्टे का?" थोरलीनं विचारलं. चामड्याचे रुंद पट्टे होते, बकलाजवळ झिजून काळे पडलेले.

"मालकांनी बसवून घेतले होते. पोस्टमास्तर होते, आता रिटायर झाले. नवरा-बायको फिरायचे हिच्यावर. बाईंचे पाय घसरायचे म्हणे." मिस्त्री हात पुसत राहिला. "आता वापरत नाहीत."

सौदा ठरला. सायकल घरी आली आणि दोघींचा सराव सुरू झाला.

पहाटे उन्हाआधी निघायचं. थोरलीच्या मानेभोवती ओला टॉवेल, बाटलीत बर्फ. धाकटीनं सायकल दोन्ही पायांत धरून उभं राहायचं, थोरलीनं आपला डावा पाय हातानं उचलून पॅडलवर ठेवायचा आणि पट्टा आवळायचा. पहिल्या आठवड्यात वीस किलोमीटर झाले, मग चाळीस, मग साठ. परत आल्यावर थोरली न्हाणीघराच्या फरशीवर बसून राही. टॉवेल खुंटीवर टांगायलाही हात उचलत नसे. पण नजर पुढच्या हंगामातल्या दोनशे किलोमीटरच्या फेरीवर होती. साडेतेरा तासांत पुरी करायची, ठिकठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे. पूर्वी तिनं अशा अकरा केल्या होत्या. आता तिला एकच हवी होती.

महिन्याभरानं धरणाच्या चढावर पहिल्यांदा ते झालं. त्या दिवशी थोरलीचे पाय सकाळपासून ओंडक्यासारखे होते. ती नुसती बसून होती. पॅडलं तिचे पाय फिरवत होती, ती पॅडलं फिरवत नव्हती. मागे पट्ट्यांचं चामडं करकरत होतं. वर पोचल्यावर धाकटी धापा टाकत वळली. तिचा चेहरा फुलला होता.

"काय जोर मारलास गं! मला वाटलं, कुणी पाठीला हात लावून ढकलतंय."

थोरली खरं सांगणार होती. चार वर्षांत तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. बाई, खुर्ची देऊ का, बाई, जिना नको, हेच चाललेलं. ती म्हणाली, "आज जमलं खरं."

मग ते वरचेवर जमू लागलं. थोरली जितकी जास्त दमलेली, तितका मागून जोर जास्त. तिनं मनाची समजूत घातली: पाय माझेच आहेत, जाणीव नाही म्हणून मला कळत नाही, एवढंच. आपलाच पाय आपल्या नकळत काम करतोय, यात वाईट काय?

एकदा शंभर किलोमीटरच्या सरावात परतीच्या सपाट रस्त्यावर तिचा डोळा लागला. मागच्या सीटवर बसल्या बसल्या, हँडल धरून. जाग आली ती धाकटीच्या हसण्यानं.

"बरं बाई, नाही थांबत," धाकटी म्हणत होती.

"मी काय म्हणाले?"

"आत्ताच नाही का म्हणालीस? मी म्हटलं, पाणी प्यायला थांबू. तू म्हणालीस, थांबू नका, थांबलात की मला उतरावं लागेल."

थोरलीच्या मानेवरचा टॉवेल कधीच वाळला होता, तरी तिला गार वाटलं. "थांबू नका... असं म्हणाले मी?"

"हो की. मला अहो-जाहो केलंस म्हणून तर हसले."

फेरीच्या दिवशी पहाटे सहाला त्या निघाल्या. पहिले ऐंशी किलोमीटर सुरेख गेले. दुसऱ्या शिक्क्याच्या ठिकाणी कार्डं तपासणाऱ्या माणसानं दोघींकडे कौतुकानं बघितलं आणि मग जरा बुचकळ्यात पडून मागच्या सीटकडे बघितलं. शिक्का मारून त्यानं कार्डं परत केली. दुपार चढली. डांबर मऊ पडून टायरखाली चिकचिक वाजू लागलं. एकशेचाळिसाव्या किलोमीटरला थोरलीला रस्ता दोन दोन दिसू लागला. दोन्ही पाय नाहीसे झाले होते. कमरेखाली काही आहे, हे ती नुसतं खाली बघून ताडत होती.

"छोटे... थांबू या का गं?"

"एवढा चढ, ताई. वर झाडं आहेत. सावलीत थांबू."

चढ दोन किलोमीटरचा होता. थोरलीनं डोळे मिटून घेतले. पट्टे करकरत होते, लयीत, न चुकता. चढावर उभं राहून पॅडल मारणाऱ्या लोकांना मागे टाकत ती लांबडी सायकल वर गेली. वर खरंच झाडं होती. धाकटीनं पाय थांबवले.

पॅडलं थांबली नाहीत.

"ताई, पाय थांबव."

"मी चालवत नाहीये."

"ताई, मस्करी नको. मला थांबायचंय!"

सावली मागे गेली. पुढे उतार होता, वळणावळणाचा. धाकटीनं दोन्ही पाय पॅडलवरून काढून फाकवले. तिच्याखाली तिची पॅडलं रिकामीच फिरत होती. तिनं ब्रेक दाबले. ब्रेक किंचाळले, जळक्या रबराचा वास आला, आणि जेवढे ते दाबावेत तेवढा मागून जोर वाढे. थोरली वाकली. अंधारात गाठ सोडावी तशी चाचपडत तिनं एक बकल सोडलं, मग दुसरं. आपले पाय मांडीला धरून, पोत्यासारखे उचलून तिनं पॅडलवरून काढले. सुटे पट्टे पुन्हा ताठ झाले. जणू त्यांच्यात पाऊल आहे.

"ताई..." धाकटीचा आवाज अगदी खाली आला होता. "डोकं उचल ना. माझा तोल जातोय."

"कुठलं डोकं?"

"माझ्या पाठीवर टेकवलंस ते..."

थोरली ताठ बसली होती. तिच्या छातीत आणि धाकटीच्या पाठीत हातभर अंतर होतं.

धाकटी पंधरा वर्षं बस चालवत होती, म्हणून दोघी वाचल्या. तिसऱ्या वळणावर तिनं रस्ता सोडला आणि सायकल नांगरलेल्या शेतात घातली. पुढचं चाक ढेकळांत रुतलं. धाकटीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. थोरली मातीत पडली होती, आणि पाच हातांवर आडव्या पडलेल्या सायकलची पॅडलं आणखी काही वेळ फिरत राहिली. मग हळूहळू, कुणी थकून जावं तशी, थांबली.

पंधरा दिवसांनी, धाकटीचा हात अजून झोळीत असताना, मिस्त्रीकडून पत्ता घेऊन, एका मालवाहू रिक्षात सायकल घालून दोघी पोस्टमास्तरांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. दारात सायकल बघून म्हातारा दाराची चौकट धरून उभा राहिला. मग त्यांना आत बसवून पाणी दिलं. थोरलीनं सगळं सांगितलं. 

"तिलाही तुमचाच आजार," शेवटी तो म्हणाला. "तुमची काठी अन् चाल बघितली अन् कळलं मला. घरात पडून राहायची तेव्हा म्हणायची, मला बाहेर काढा. म्हणून ही सायकल. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही लांब गेलो होतो. उन्हातून येताना ती म्हणाली, थांबू या का? मी म्हटलं, एवढा चढ. मग तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकलं. मला वाटलं, दमलीय. पाय तर बांधलेलेच होते. अन् जोर लावत होती हो. शेवटचे वीस किलोमीटर मी नुसता हँडल धरून होतो. दारात येऊन थांबलो, तशी ती सायकलसकट कलली. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन तास झालेत."

म्हाताऱ्यानं दारातल्या सायकलकडे पाहिलं.

"मी म्हटलं, शक्य नाही. ती ढकलत होती, मला कळतं ना. चाक फिरत होतं तोवर होती ती. मी थांबलो आणि..." त्यानं रिकामा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. "नंतर एकटा काढायचो सायकल, तेव्हाही मागून जोर यायचा. भ्यालो आणि देऊन टाकली. मोठं पाप झालं माझ्याकडून. राहू द्या ती इथंच."

सायकल तिथं ठेवून दोघी घरी आल्या. थोरली त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी नुसती पडून राहिली. आता कुठलीच फेरी नको होती. वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्यालाही फारसा जोर उरला नव्हता.

तीन आठवडे गेले. ती पुन्हा ग्रंथालयात जाऊ लागली. एका दुपारी चारच्या सुमाराला, खिडकीतलं ऊन फायलींवर आलेलं असताना, टेबलावरचा फोन वाजला.

"बाई, मी पोस्टमास्तर."

"बोला ना. बरे आहात?"

"काल सायकल काढली. हिंमत करून. मंडईपर्यंत जाऊन आलो. मागं कुणी नाही, बाई. सायकल नुसती लोखंडाची झालीय. ती... तुमच्याबरोबर तर आली नाही?"

"इथं कशी येईल?" थोरली म्हणाली. "मी तर बसलेली असते दिवसभर."

"फार वेळ बसू नका," म्हातारा हळूच म्हणाला. "तिला थांबलेलं सोसत नाही."

फोन ठेवून ती तशीच बसली. समोरच्या बाकावर रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा होते. त्यांनी चष्मा वर केला.

"बाई, तेवढं टेबल हलवू नका. अक्षरं नाचतात."

"मी कुठं हलवतेय," ती म्हणाली आणि खाली वाकून पाहिलं.

या आजारात पायांना झटके येतात, हे तिला ठाऊक होतं. पण झटका गोल फिरत नाही. टेबलाखालच्या अंधारात तिचे दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं उचललेले होते. डावा वर, उजवा खाली. उजवा वर, डावा खाली. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सगळा भार टाकला. ती सकाळपासून दमलेली होती, घरी जाऊन तिला नुसतं आडवं व्हायचं होतं. हातांखाली गुडघे संथपणे वर आले, खाली गेले, पुन्हा वर आले. आणि दाबावं तेवढा खालून जोर वाढत गेला.