पडद्यांची ब्यूक

फूटबोर्डाजवळ

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आडवं.

म्हणजे असं — साताऱ्यात, जहागीरदारांच्या गाडीखान्यात, मी काळ्या ब्यूकच्या एका बाजूला गुडघे टेकून खाली वाकले होते. कुठे तेल गळतंय का, ते बघायला. त्याच वेळी पलीकडच्या बाजूने आणखी कुणीतरी त्याच कामासाठी वाकलं. चाकांच्या मधल्या अंधारातून एक चेहरा माझ्याकडे बघत होता. दाट भुवया, आणि टोपी पडू नये म्हणून डोक्यावर धरलेला हात.

"तेल गळत नाही," चेहरा म्हणाला.

"मला दिसतंय."

"मग उठायला हरकत नाही."

"आधी तुम्ही."

कुणीच उठलं नाही… शेवटी मानेला रग लागली म्हणून मी उठले. मान का दुखली हे डॉक्टर म्हणून मी सांगू शकत होते. गाल का तापले, ते नसतं सांगता आलं.

उभं राहिल्यावर कळलं, की जहागीरदारांचे कारभारी आप्पासो यांनी 'गाडी तुमचीच समजा' असं मला सांगितलं होतं, आणि त्या दाट भुवयांनाही. लढाई नुकतीच संपली होती, नव्या गाड्या मिळत नव्हत्या, आणि जुन्या चांगल्या गाडीवर दहाजणांचा डोळा असायचा. ही विकायला निघाली कारण जहागीरदारांच्या बाईसाहेबांनी दसऱ्याला गोषा, म्हणजे पडद्यात राहणं, सोडला होता. आता त्यांना उघडी मोटार हवी होती, वारा लागणारी.

दाट भुवयांचं नाव सयाजी जगदाळे. साताऱ्याच्या कोर्टात नवे वकील. पक्षकार आधी वकिलाची गाडी बघतो आणि मग वकील बघतो, असं त्यांचं म्हणणं. सायकलवरून येणाऱ्या वकिलाकडे लोक सायकलचोरीचेच खटले आणतात, हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू दाबावं लागलं.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कशाला एवढी मोठी गाडी?

मी सांगितलं. वाचकांनाही इथेच सांगते, म्हणजे पुढे थांबायला नको. मी, विजयमाला माने, सांगलीत बायकांचा दवाखाना उघडून बसले होते. खेड्यातून बोलावणं आलं की सर्व्हिस मोटारीने जायची, उतरून चालत वस्ती गाठायची. दारात पोचले की लोक माझ्यामागे बघायचे, डॉक्टर कुठे राहिले म्हणून. ते मी हसण्यावारी नेलं असतं. पण बाई अडली की आधी सुईण, मग देवऋषी, मग कोटटोपीवाला एखादा डॉक्टर, आणि सगळ्यांनी हात टेकले की मी. दिवाळीच्या आधी तासगावकडे एका मुलीपाशी मी अशीच पोचले. माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर ठरवलं, आपण अशा गाडीतून जायचं की वेशीतच गावाने ओळखावं, डॉक्टर आली. मला वेळेवर बोलावणं हवं होतं. वडील फौजेतले सुभेदार. ते म्हणाले, घ्यायची तर मोठी घे, लहान गाडीला म्हशीसुद्धा वाट देत नाहीत.

सयाजीरावांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "तुमची बाजू भक्कम आहे. तरी मी सोडणार नाही."

"सोडू नका. मलाही लढून मिळालेली बरी वाटेल."

आप्पासोंनी घाम पुसला. मला सांगलीला परतायचं होतं, वकिलांचा एक पक्षकार सांगलीत होता. आप्पासोंनी किल्ली ड्रायव्हर हरिबाच्या हातात दिली आणि सांगितलं, दोघं मिळून जावा, गाडी चालवून बघा, वाटेत काय ते ठरवा आणि मला कळवा. भांडू नका, असंही म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मागच्या सीटवर

आत कातड्याची मऊ सीट, अत्तराचा जुना वास, आणि पडदे. खिडक्यांना जांभळे मखमली पडदे. मागच्या काचेला पडदा. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधेही एक पडदा.

सयाजीराव रुबाबात मागचं दार उघडायला गेले. हरिबा शांतपणे म्हणाला, "वकीलसाब, मागं न्हाई. मागं बाईमानूस."

ते मुकाट्याने पुढे बसले. मधला पडदा मी चार बोटं सरकवला. त्या फटीतून मला त्यांचा एक कान दिसत होता, फक्त कान. कऱ्हाड येईपर्यंत मी त्या कानाशी बोलत होते.

"तुम्हाला लहानशी गाडी शोभेल," कान म्हणाला.

"मला शोभणारी नको. पोचवणारी हवी."

"एवढ्या गाडीला पेट्रोल लागतं, डॉक्टर."

"डॉक्टरांना रेशनची कूपनं जास्त मिळतात. वकिलांना मिळतात का?"

कान म्हणाला, की माझी उलटतपासणी घेण्याची पद्धत कोर्टात चालणार नाही. मी विचारलं, का? तर म्हणे, साक्षीदार प्रेमात— मग तो खोकला. रस्त्यात धूळ फार आहे, असं हरिबाला सांगू लागला. हरिबाने वकिलाच्या बाजूची काच वर केली.

कऱ्हाड मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधून मधून गुऱ्हाळांचा धूर, आणि गरम काकवीचा वास पडद्यांतूनही आत येत होता. उसाच्या बैलगाड्या रस्ता सोडून बाजूला होऊ लागल्या. गाडीवान खाली उतरून उभे राहू लागले.

सयाजीरावांनी टोपी नीट केली, पाठ ताठ केली. "बघितलंत? याला वजन म्हणतात. अजून गाडी घेतलीसुद्धा नाही."

थोड्या अंतरावर त्यांचा आवाज बदलला. "हरिबा, ही माणसं आपल्याकडे पाठ का करतायत?"

"मग? बाईसाबांची गाडी न्हवं ही. गोषाची. गाडी दिसली की बाप्यांनी पाठ करायची. लय वर्सांचा रिवाज हाय."

बाईसाहेबांनी तर गोषा सोडला, मी म्हटलं.

"त्यांनी सोडला, आक्का. लोकांनी कुटं सोडलाय?"

मी खिडकीचा पडदा बाजूला केला. पाठीच पाठी. घोंगडी टाकलेल्या, ठिगळांच्या, घामाने ओल्या. माझ्या गाडीकडे गावाने वेशीतच बघावं असं मला वाटत होतं, आणि इथे आतल्या बाईला बघायचं नाही म्हणून माणसं बैल सोडून उभी होती.

सयाजीराव मोठ्याने हसले. मग एकदम थांबले आणि पहिल्यांदाच वळून फटीतून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ही गाडी तुम्ही घेऊ नका. पडदे काढलेत तरी लोक ती लांबून ओळखणार. तुमचं तोंड कुणी बघणार नाही आणि डॉक्टर आली हे कुणाला कळणार नाही. सातारच्या कोर्टात हा रिवाज कुणी पाळत नाही, तिथे ही नुसती एक मोठी गाडी.

"वकीलसाहेब, युक्तिवाद छान जमलाय."

"हे मी वकील म्हणून सांगत नाही."

"मग कोण म्हणून?"

पडदा हलला. फटीत पुन्हा कान आला. लाल झालेला.

(कुठेच नाही)

इथे मी थोडा वेळ कथेत नाही. पडद्यामागे बसून मी विचार करतेय, की हा माणूस गाडी मिळवायला मला गोड बोलून फिरवतोय. आणि फिरवत नसला तर… तर मला फार आवडेल.

रस्त्यावर

कुंडलच्या अलीकडे एका गावाजवळ विहिरीपाशी हरिबाने गाडी थांबवली. इंजिनात पाणी घालायचं त्याचं हे ठरलेलं ठिकाण होतं. बाईसाहेबांचं माहेर पुढच्याच गावी. पारावर बसलेले सगळे बाप्ये उठले, ओळीने पाठमोरे उभे राहिले. पटके, मुंडाशी, एकाच्या हातात विळा.

मी उतरले आणि सरळ त्यांच्याकडे गेले. सर्वांत म्हाताऱ्या पाठीला म्हटलं, "आजोबा, मी डॉक्टर आहे. सांगलीची."

"आसाल की," पाठ म्हणाली.

"मी बाईसाहेब नाही. इकडे बघितलंत तरी चालेल."

"गाडी वाड्यावरची हाय. आमी न्हाई बगत. तुमी निवांत बसा."

सयाजीराव मडगार्डला टेकून ओठ चावत होते. मी परत आले. त्यांना म्हटलं, गाडी तुमची, तुम्ही बरोबर होतात. हरल्यावर माझा आवाज चांगला राहतो, याचा मला अभिमान आहे. पण ते काही जिंकल्यासारखे दिसले नाहीत.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई पाठींच्या रांगेतून तरातरा आली. बाप्यांनी बघायचं नव्हतं, बायकांना कसलीच आडकाठी नव्हती. बाईसाहेबांची गाडी इथे थांबली की बायका येऊन आत बसायच्या, सुखदुःख बोलायच्या. तिने पाटी खाली ठेवली, मागचं दार उघडलं आणि घरच्यासारखी सीटवर बसली.

नाव अंबूबाई. बाईसाब न्हाईत व्हय, म्हणून तिने विचारलं. मी कोण ते सांगितलं.

"बायांची डाक्टर?"

"बायांची."

अंबूबाईने बाहेर बघितलं. रांगेतल्या सगळ्या पाठी जागच्या जागी होत्या. मग तिने मला हाताला धरून आत ओढलं आणि पडदा आपल्या हाताने घट्ट लावून घेतला.

पडद्याच्या आत

तिथे ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. घरात सासऱ्यासमोर, दिरांसमोर, दवाखान्याच्या बाकावर जे बोलता येत नाही, ते बोलली. मग म्हणाली, थांबा, सुनंला आणते.

सून पोटुशी, दिवस भरत आलेली. पायांवर सूज, चेहऱ्यावर सूज, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय. घरचे म्हणत होते, उन्हाचं. मी तिचा हात धरला आणि… आणि मला तासगावची मुलगी आठवली. तिलाही असंच झालं असणार, पण तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं.

या वेळी मी वेळेवर पोचले होते. अंबूबाईला सांगितलं, हिला आत्ता, याच गाडीतून सांगलीला न्यायचं. घाबरायचं कारण नाही, पण थांबायचंही नाही. ती लुगडी आणायला पळाली.

तोवर दुसरी चढली. मग तिसरी. कुणाची लेक, कुणाची सून गाडीत आली आणि कशासाठी आली, हे गावातल्या एकाही पुरुषाला दिसलं नाही. असा दवाखाना मला सांगलीत विटा लावून बांधता आला नसता.

आणि बाहेरून, मखमलीतून, आवाज येत होते. म्हाताऱ्या पाठीचा आवाज कुणाला तरी विचारत होता, की गड्या, तू कोण? वकील, उत्तर आलं. मी पडद्याला बोटभर फट पाडली. सयाजीराव रांगेत उभे होते. उन्हात, गावाबरोबर, पाठमोरे.

"मग गाडी तुमची का वं?"

"नाही," ते म्हणाले. "गाडी डॉक्टरीणबाईंची."

बाहेर

अंबूबाई सुनेला मागच्या सीटवर नीट निजवत होती, तेव्हा मी उतरले. सयाजीरावांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

"गाडी तुम्ही परस्पर माझी करून टाकलीत."

"तुमचीच आहे. आत काय चाललंय ते मला दिसलं नाही, पण बायका गाडीतून उतरून जाताना पैंजणं किती हलकी वाजत होती, ते ऐकलं."

"आणि तुमचं वजन? पक्षकार गाडी बघतात म्हणालात."

ते वळले नाहीत. मानेवर उन्हाने घाम आला होता, आणि कान… कानाचं आता सांगायला नको.

"त्याचा एक विचार केलाय," ते म्हणाले. "पाठ करून उभं राहिलं की बोलायला धीर येतो. म्हणून इथूनच सांगतो. ही गाडी कधीमधी साताऱ्याला कोर्टाच्या दारात यावी. तिच्यातून मी उतरावं. लोक विचारतील, वकीलसाहेब, गाडी कुणाची?"

"मग?"

"मी सांगेन… बायकोची. डॉक्टर आहे." ते जरा थांबले. "याहून मोठं वजन सातारच्या कुठल्या वकिलाला आहे, सांगा."

बघण्याच्या कार्यक्रमात लोक एक कप चहा संपायच्या आत आयुष्य ठरवतात. आम्ही साताऱ्यापासून बोलत होतो. मला उतावळेपणा मुळीच वाटला नाही. फक्त एक गोष्ट मला पटत नव्हती.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "हे तोंड इकडे करून सांगा."

ते वळले.

आणि त्यांच्याबरोबर, गाडीच्या मालकिणीनेच हुकूम दिला म्हणून, सगळी रांग वळली. पटके वळले, मुंडाशी वळली, विळा वळला. अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. मी हेच तर मागितलं होतं, पण या प्रसंगासाठी नव्हे.

सयाजीरावांनी एकदा गावाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पळून जाण्यासारखी जागा नव्हती. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, सुरुवातीपासून. आवाज दोनदा अडकला, पण एक शब्द गाळला नाही.

कुणी हसलं नाही. म्हातारा पुढे आला. त्याचं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते. मिशा पांढऱ्या, डोळे मिश्कील.

"आवं बाई, काय त्ये सांगा की," तो म्हणाला. "का आमी परत पाठ करू?"

"नका करू. असंच बघत राहा."

आणि मी सयाजीरावांना गावाच्याच बोलीत उत्तर दिलं.

"व्हय," मी म्हटलं. "आता पुढं बसा. गाडीत पेशंट हाय."