बॅटरी परत करणारा

त्यानं काउंटरवर बॅटरी ठेवली, तेव्हा तिच्यातून पाणी टपकत होतं.

"पेटंना झालीय," तो म्हणाला.

मी ती उचलली. काच आतून पांढरी झालेली. मागचं झाकण फिरवलं, तर सेलांच्या आधी पाणी बाहेर आलं... आणि सरळ माझ्या नव्या ड्रेसवर.

"पाण्यात पडली?"

"पडली न्हाय. मीच नेलती."

"पाण्यात?"

"व्हय. विहिरीच्या तळाला."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. उंच, सावळा, केस ओले, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. चेहऱ्यावर मात्र असा भाव, की चूक पूर्णपणे आमच्या दुकानाची आहे.

"पावणं, ही बॅटरी वीज गेल्यावर घरात लावायची असते. विहिरीत न्यायची नसते," मी म्हणाले.

"मग विहिरीत न्यायची कुठली असती?"

ही आमची पहिली भेट. साल २००९. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं 'अक्षता इलेक्ट्रिकल्स' हे दुकान बाबांनी माझ्याच नावानं काढलेलं. माझं बी.कॉम. झाल्यापासून बाबा, म्हणजे बाळासो कांबळे, वायरिंगच्या कामांवर जायचे आणि काउंटर मी सांभाळायचे. हट्टी गिऱ्हाइकं मी खूप बघितली होती. पण हा प्रकार वेगळाच होता.

त्याचं नाव संघर्ष. राहायला उचगावात, नोकरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत. दुबईहून आलेल्या मित्रानं त्याला काड्यापेटीएवढा कॅमेरा दिला होता. प्लॅस्टिकच्या डबीत घालून तो पाण्यातही चालायचा.

"कॅमेरा चालतोय की," संघर्ष म्हणाला. "पण खाली अंधार हाय. दिसंना झालंय."

"काय बघायचंय एवढं?"

"झरा."

त्यांच्या वस्तीची विहीर होती. गावच्या पाणवठ्यावर यांना घागर बुडवू देत नव्हते, त्या काळात त्याच्या आज्जानं, यल्लाप्पांनी, वस्तीतल्या लोकांना घेऊन ती हातानं खणली होती. आता घरोघरी नळ आले, विहिरीत गाळ साठला आणि पंचायत म्हणू लागली की विहीर मेली, बुजवून टाकू. पुढच्या ग्रामसभेत ठराव होणार होता.

"आज्जा म्हणायचा, हिचा झरा आटायचा न्हाय. मी बुडी मारून बघितलंय," तो म्हणाला. "तळाला एका जागी थंडगार पाणी हाताला लागतंय. पण नुसता हात गावाला दाखवून उपयोग न्हाय."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. मी त्याला दुसरी, मोठी बॅटरी दिली. वर प्लॅस्टिकची जाड पिशवी आणि रबरबँड.

दोन दिवसांनी तो परत.

"खालीच जाईना. पिशवीत हवा हाय. फुग्यागत वर येतीय, आणि तिच्याबरोबर मीबी."

मग त्यानं ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा झोत काठावरून पाण्यात सोडून बघितला. सगळं पाणी नुसतं हिरवट, दुधाळ झालं. मग मी नवीन आलेली एलईडीची बॅटरी काढली, झाकणाला सायकलच्या ट्यूबची रिंग कापून बसवली, काचेच्या कडेनं सिलिकॉन भरलं. माझी एक दुपार त्यात गेली. तो आला, बॅटरी ठेवली, म्हणाला, "पाणी शिरलं न्हाय."

"चला. सुटलो."

"पण मधीच एक पांढरा गोल पडतोय. बाकी सगळा काळोख."

मी काचेच्या आत ट्रेसिंग पेपर लावून दिला. उजेड पसरट झाला. पुन्हा आला... "आता सगळीकडं पांढरे ठिपके दिसतायत. थर्माकोल उडवल्यागत."

मी टेबलावर डोकं टेकवलं.

बाबा त्या दिवशी दुकानात होते. "जय भीम, काका," करून तो गेला. बाबा त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "हे पोरगं बॅटरीसाठी येत न्हाय, आक्का. एवढ्यांदा कोण येतंय?"

खरं सांगू? हे माझ्याही मनात आलं होतं. इतक्यांदा की तो यायच्या वेळेला मी केस सारखे करायचे. एकदा तर नवीन कानातले घातले – मोराचे, चांगले लोंबणारे. तो आला. मी मुद्दाम मान वळवून विचारलं, "आज काय वेगळं दिसतंय का?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. वर बघितलं.

"ट्यूबलाईट बदलली?"

ट्यूबलाईट खरंच बदलली होती. तेच जास्त लागलं.

"बाबा, तो खरंच बॅटरीसाठीच येतो," मी रात्री जेवताना सांगितलं. बाबा हसून हसून ठसकले. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. सगळ्या कोल्हापुरात एक माणूस आवडावा, आणि त्यानं आपल्याशी फक्त काचेबद्दल बोलावं...

शेवटी, सभा तोंडावर आली तेव्हा, रविवारी मी स्वतःच उचगावला गेले. बॅटरीत खोट नाही, हे मला एकदाचं सिद्ध करायचं होतं.

विहिरीच्या शेजारीच झुंबरबाईंचं घर. या संघर्षच्या आज्जाच्या धाकट्या बहीण, वस्तीतच दिलेल्या आणि आता वस्तीत सगळ्यात वयस्कर. त्यांच्या टीव्हीला कॅमेरा जोडून त्यानं मला चित्रण दाखवलं. खरंच थर्माकोल. पडदाभर पांढरे ठिपके, मागचं काही दिसत नव्हतं.

"बघितलंस?" झुंबरबाई मला म्हणाल्या. "महिना झाला, ह्यो ह्येच दाखवतोय. माझी मालिका बुडाली."

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. ते ठिपके कुठंतरी बघितल्यासारखे वाटत होते. मग आठवलं. "गगनबावड्याच्या घाटात धुकं असलं, की गाडीचा मोठा लाईट लावल्यावर काय होतं?"

"उलट दिसायचं बंद होतं," तो म्हणाला. "उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर..." आणि थांबला. "म्हणजे गाळावर आपटून कॅमेऱ्यात येतोय. मी बॅटरी कॅमेऱ्याला चिकटवून धरतोय न्हवं."

"मग बाजूनं धरा."

"दोन्ही हात पसरले तर पोहू कशानं? काठी बांधून बघितली, ती दगडात अडकती. दुसरं कुणीतरी लांबून धरायला पायजे."

"वस्तीत पोहणारं कुणी नाही?"

"हाईत की. पण एका बाजूला निवांत थांबत न्हाईत. सगळे कॅमेऱ्यासमोर येत्यात."

मी सुस्कारा सोडला. "द्या इकडं. मी धरतो."

पुण्याची माझी मावसबहीण हसते; पण आम्ही मुली असंच बोलतो – येतो, जातो, धरतो. संघर्ष हसला नाही. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"पोहायला येतंय?"

"आजोळी गडहिंग्लजला विहिरीतच शिकलोय. मामानं ढकलून दिलं होतं."

झुंबरबाईंनी मला नातीचा जुना पंजाबी ड्रेस दिला. भर दुपार, डोक्यावर ऊन. पण पाणी असं गार की श्वास अडकला. काठाला दोर बांधला होता. त्याला धरून आम्ही दोघं पाण्यात, समोरासमोर. त्याच्या पापण्यांवर थेंब होते. मी ते बघत होते, आणि तो...

"लांब व्हा," तो म्हणाला.

"काय?"

"लांब व्हा की जरा. उजेड बाजूनं पायजे."

मी हातभर सरकले.

"अगं, अजून लांब!"

या माणसासाठी मी विहिरीत उडी मारली होती. आणि तो मला लांब जा म्हणत होता. पण रागावतानाही एक गोष्ट कानानं टिपली होती – तो 'अगं' म्हणाला होता. आतापर्यंत 'तुम्ही' होते.

आम्ही बुडी मारली. पहिल्या वेळी मला श्वास पुरला नाही. दुसऱ्या वेळी गाळ उठला आणि तो निवळेपर्यंत काठावर दात वाजवत बसावं लागलं. तिसऱ्यांदा मी भिंतीला पाठ लावली, बॅटरी आडवी धरली आणि हलले नाही.

उजेड तळावरून आडवा सरकत गेला. ठिपके नव्हते. काळे दगड, त्यांच्या सांध्यांतलं शेवाळ... आणि दोन दगडांच्या फटीतून वाळूचे कण वर येत होते. हळूच वर यायचे, फिरायचे, खाली बसायचे, पुन्हा वर. दूध उकळायच्या आधी पातेल्यात जशी हालचाल होते, तसं. मला ओरडावंसं वाटलं. समोर संघर्ष कॅमेरा धरून तसाच थांबला होता, मासा थांबावा तसा.

वर आलो तेव्हा दोघांनाही दम लागला होता. एकाच दोराला दोघांचे हात. त्याचा हात माझ्या हातावर पडला आणि राहिला.

"दिसला," तो म्हणाला. "आज्जा खोटं बोलत न्हवता."

त्याचा आवाज कापत होता. असं वाटलं, आता हा पुढं काहीतरी बोलेल. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओठ हलले...

"लाईट चांगला हाय," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडावर पाणी उडवून पायऱ्या चढले.

ग्रामसभेत शाळेचा टीव्ही आणून ते चित्रण दाखवलं. मीही मागं उभी होते. वाळू नाचायला लागली आणि कुजबुज थांबली. मग पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला, "ही हीच विहीर कशावरनं? दुसरीकडची असंल."

झुंबरबाई उठल्या. टीव्हीजवळ गेल्या. पडद्याच्या कोपऱ्यात, गाळात अर्धी रुतलेली तांब्याची घागर होती. आडव्या उजेडात तिच्या गळ्याखालची कोरलेली अक्षरं उठून दिसत होती – झुंबरबाई.

"लग्नातली हाय," त्या म्हणाल्या. "दोर तुटून पडलीती. सासूनं वर्षभर ऐकवलंय मला. हीच विहीर हाय, बाबा."

सगळी सभा हसली. विहीर बुजवायची नाही, गाळ काढायचा, असं ठरलं. संघर्षला लोकांनी घेरलं. मी गर्दीतून वाट काढून त्याच्यापर्यंत जायला बघितलं, मग म्हटलं, जाऊ दे. येईलच दुकानात.

तो आला नाही.

आठवडा गेला. दुसरा गेला. कुणी बॅटरी मागितली की मी अशी काढून द्यायचे, की गिऱ्हाईक घाबरून जायचं. "त्याची बॅटरी आता बिघडंना झालीय," बाबा म्हणाले. "तू एवढी चांगली करून दिलीस कशाला?"

त्याच दुपारी मी दुकान बाबांवर सोपवलं आणि केएमटीची बस पकडली.

विहिरीवर गाळ काढायचं काम चाललं होतं. संघर्ष पायऱ्यांवर उभा, गुडघ्यापर्यंत चिखल, पाट्या वर देत होता. मला बघून वर आला.

"बॅटरी कशी आहे?" मी विचारलं.

"झकास. काय तक्रार न्हाय."

"म्हणून आला नाहीस?"

"तक्रार नसताना कशाला यायचं?"

मी डोळे मिटले. दहा आकडे मोजावे म्हटलं, तीनपर्यंतच पोहोचले.

"संघर्ष, मला तू आवडतोस. विहिरीत उतरलो ते झऱ्यासाठी नव्हे. आता तू बॅटरी, काच, लाईट यातलं काही बोललास, तर मी पुढच्या बसनं परत जाणार."

तो चिखलाचे हात पँटला पुसत राहिला.

"तू कायम चिडलेली असायचीस," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, मी दिसलो की तुझं डोकं फिरतंय."

"फिरतंच."

"मग?"

"दिसला नाहीस तर जास्त फिरतं."

त्यानं खाली बघितलं. "मी येतोय की," तो हळू आवाजात म्हणाला. "ड्युटी सुटली की रोज लक्ष्मीपुरीत येतोय. तुमच्या समोरच्या चहाच्या गाड्यावर थांबतोय, आणि परत जातोय. परवा तू मोराचे कानातले घातलेलीस. आत यायला कारणच सापडंना. बॅटरी दोनदा आपटूनबी बघितली... फुटली न्हाय."

मला हसावं की त्याला विहिरीत ढकलावं, कळेना.

"माणसाला भेटायला कारण लागतं व्हय?"

"मला लागतंय," तो म्हणाला. मग थांबून, "आता लागणार न्हाय. उद्या येऊ? काकांना भेटायला?"

"उद्या कशाला? बाबा आत्ता दुकानात आहेत."

त्यानं स्वतःच्या पायांकडे बघितलं. "आंघोळ करून आलो," म्हणून तो पळाला. झुंबरबाईंनी मला चहा दिला आणि काही विचारलं नाही. पण बशीत साखर घालून हातावर ठेवली.

तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. सगळ्या गुंड्या लावलेल्या. बसमध्ये माझ्या शेजारी ताठ बसला, परीक्षेला निघाल्यासारखा. त्याच्या कानामागं चिखल तसाच राहिला होता. मी ओढणीचं टोक पाण्याच्या बाटलीत भिजवलं आणि भरलेल्या बसमध्ये, सगळ्यांदेखत, तो पुसून काढला.

त्यानं मान हलवली नाही. चिखल निघाल्यावरही मी थोडा वेळ पुसतच राहिले.