मुलतानी, अज्ञात गायिका

अण्णांना मुलतानी राग ऐकायचा होता, एवढंच निमित्त. माझे वडील, वय ब्याऐंशी. मांडीचं हाड मोडल्यापासून ठाकुर्लीच्या आमच्या घरात पलंगाला खिळलेले. त्यांच्या कॅसेटींना बुरशी धरली होती, त्या मी टाकून दिलेल्या. तेव्हापासून नेटवर फुकट मिळणारं जुनं गाणं त्यांच्यासाठी शोधून काढणं हे माझं रोजचं काम झालं होतं. हौशी लोक आपापल्या कपाटातल्या टेपा तिथे चढवून ठेवतात. मागे पंखा घरघरत असतो, कुणी खोकत असतं, पण गाणं खरं असतं.

तो शुक्रवार होता. दुपारची वीज गेलेली. बंद खोलीत मलमाचा आणि घामाचा वास कोंडला होता. मी अण्णांच्या उशाशी मोबाइल घेऊन बसले आणि अशाच एका साइटवर, यादीच्या अगदी तळाशी, एक ओळ दिसली. मुलतानी, अज्ञात गायिका, डोंबिवली. आपल्याच बाजूचं कुणीतरी, म्हणून ते लावलं.

आधी पाणी ऐकू आलं. बादलीत जोरात पडणारी नळाची धार. मग त्या धारेच्या आडून एक आवाज हळूच वर आला, तीव्र मध्यमावरून कोमल गांधारावर उतरला आणि तिथेच थांबला.

ती माझी आई होती. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

लग्नाआधी आई नऊ वर्षं गाणं शिकली होती. अण्णा मोठे रसिक. ठाण्याला मैफल असली की पुढच्या रांगेत बसायचे, परक्या बायकांच्या गाण्याला डोळे मिटून दाद द्यायचे. आईला मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की तिचा गळा कच्चा आहे, घरात हे ऐकवत नाही. तंबोरा त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला. मग आई गायची ती फक्त न्हाणीघरात. दुपारी चारला पाणी आलं की कडी लावून, नळ पूर्ण सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जायचं नाही. ते गाणं कुणी रेकॉर्ड केलेलं असणं शक्यच नव्हतं. घरात आम्ही तिघंच होतो.

अण्णांनी डोळे उघडले.

"कोण गातंय हे?"

मी म्हटलं, नाव दिलेलं नाही.

ते ऐकत राहिले. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका निवलेला मी पाहिला नव्हता. चादरीवर बोटं तालात हलू लागली.

"काय गळा आहे..." ते म्हणाले. "एवढी बाई डोंबिवलीत होती आणि आपल्याला पत्ता नाही..."

मी आवाज थोडा वाढवला. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी ती वाट बघत गेली, तो त्यांनी तिला न ओळखता दिला होता. मला हसू येत होतं.

तेवढ्यात मोबाइलमध्ये दारावर थाप पडली. एक लहान मुलगी म्हणाली, "आई, अण्णा म्हणतायत पाणी वाया जातंय. नळ बंद कर."

तो माझा आवाज होता. सहा-सात वर्षांची असेन. अण्णा मला पाठवायचे, आणि मी आनंदानं जायचे.

गाणं तुटलं. नळ बंद झाला. अण्णांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं.

"संचिता... बंद कर ते."

मी म्हटलं, "नाही, अण्णा. आता ऐका."

मोबाइल त्यांच्या कानाशी उशीवर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. मागे आईनं पुन्हा सूर लावला, पाण्याशिवाय, मोकळ्या गळ्यानं. या घरात असं ती जिवंतपणी कधीच गायली नव्हती. अण्णांनी मला दोनदा हाक मारली. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि गेले नाही.

गाणं संपल्यावर बाहेर आले. अण्णा गेले होते. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी मान हलवली. मोबाइलचं मी कुणालाच सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर, दुपारी एकटी असताना, ते पान पुन्हा उघडलं. ओळ तीच होती, रेकॉर्डिंग दुसरंच. आता आई फक्त षड्ज देते. तिच्यामागून एक म्हातारा पुरुष तो लावायला बघतो, आणि त्याचा आवाज फाटतो.

"पुन्हा," आई म्हणते. रागानं नाही, अगदी शांतपणे.

तो पुन्हा लावतो.

मी चार तास ऐकलं. त्या चार तासांत दोघांपैकी एकानंही एकदाही श्वास घेतला नाही.