रॉकेट आत घेताना

त्याचं हेल्मेट गडगडत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं. मागोमाग धापा टाकत तो.

"वादळवाल्या मॅडम तुम्हीच ना? वाऱ्याला जरा आवरा की."

"आणि तुम्ही कासव."

रॉकेट वाहून नेणारी अवाढव्य गाडी तो चालवायचा, माणसाच्या चालीहूनही हळू. म्हणून सगळे त्याला कासवच म्हणत. मी हवामान विभागात नवीन. हेल्मेट देताना बोटांना बोटं लागली... आणि दोघंही उगाच आभाळाकडे बघू लागलो.

त्याच दुपारी बैठकीत मी एकटी पडले. सगळ्यांच्या मते वादळ बाजूनं निघून जाणार होतं. मी म्हणत होते, संध्याकाळी ते थेट आपल्या डोक्यावर येणार. पण उघड्यावरचं रॉकेट हँगरमध्ये आणलं, तर उड्डाण महिनाभर लांबणार.

"अंदाज चुकला तर?" संचालकांनी विचारलं.

"तर माझी नोकरी जाईल. खरा ठरला आणि आपण काही केलं नाही, तर रॉकेट जाईल."

त्यांनी कासवाकडे पाहिलं. गाडीवाला नाही म्हणाला तर गाडी हलत नाही, असा नियमच होता.

"मॅडम म्हणतात ना," तो म्हणाला, "मग काढतो गाडी."

वारा मोजत मी गाडीच्या बाजूनं चालत होते, रेडिओवर त्याला आकडे सांगत होते. जोर वाढला की थांबायचं, ओसरला की पुढे. हँगरचं दार दिसत होतं, पण जवळ काही येत नव्हतं.

"एवढ्या हळू कसं चालवता हो तुम्ही?"

"तुम्ही बाजूला चालताय... मला कुठली घाई." मग जरा थांबून – "वादळ आलं नाही, सगळे तुम्हाला हसले, तरी मी तुमच्याच बाजूनं असेन. आज... आणि पुढेही. चालेल?"

मी तोंड उघडणार तोच रेडिओवर संचालक खाकरले. "सगळ्यांना ऐकू येतंय. आधी रॉकेट आत घ्या."

रेडिओवर खाजगी बोलायचं तर वेगळं बटण दाबावं लागतं. कधी न चुकणारा माणूस नेमका आज ते विसरला होता.

हँगरचं दार लागलं आणि वादळ कोसळलं. आम्ही पडद्यावर बघत होतो. वाऱ्यानं एक लोखंडी जिना उपटला आणि रॉकेट जिथे उभं होतं, तिथेच आणून आपटला. मग संचालक उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्यासाठी ओढली. मला इतका अभिमान वाटला – स्वतःचा, आत सुखरूप उभ्या असलेल्या रॉकेटचा, आणि त्या कासवाचाही.

तो कोपऱ्यात हेल्मेट फिरवत उभा होता, कान लाल. "ते मघाचं... विसरून जा."

मी रेडिओ उचलला. खाजगीचं बटण दाबलं नाही.

"हवामान विभागाकडून सर्वांना," मी म्हणाले, "चालेल."