चौथी खेप

गाडी आमच्या गॅरेजच्या दारात थांबली ती एक जोरदार उचकी देऊनच. लांबलचक, गर्द निळी, आत कातडी सीटा. एकेकाळी लोक हिच्याकडे वळून वळून बघत असणार. आता बिचारीचं वय झालं होतं. तिच्यातून उतरला त्याचं मात्र... मुळीच झालं नव्हतं.

"पत्ता विचारायला थांबलो," तो म्हणाला, "पण ही आता पुढे जाईलसं वाटत नाही."

"गिअर बदलताना झटका देते ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या मानेवरून. थांबताना केवढी हलली!"

तो हसला. नाकावरून घसरलेला चष्मा त्याने बोटाने वर सारला, आणि मला एकदम माझ्या गालावरचा ग्रीसचा डाग आठवला. गॅरेज बाबांचं, पण गिअरबॉक्स माझ्याकडे. डाग तर रोजचेच. मग आजच का आठवावा?

गाडी त्याच्या मामांची होती. मामांचे गुडघे ऐकेनासे झाले, म्हणून भाचा चालवत होता. त्याचं स्वतःचं चष्म्यांचं दुकान होतं.

"इंजिन बंद करू नका," मी म्हणाले. "ऑटोमॅटिक गाडीचं गिअरचं तेल इंजिन चालू असताना, गरम असतानाच बघायचं."

त्याला ब्रेक दाबून गिअरची दांडी सगळ्या खुणांवरून फिरवायला लावली. मग बॉनेटखालची तेल मोजायची पट्टी उपसली आणि तेलाचा थेंब पांढऱ्या फडक्यावर टेकवला. नवं तेल लालबुंद असतं. हे तपकिरी होतं. बोटांत चोळलं, तर कच लागली नाही. मी वास घेतला.

"मीही घेऊ?" तो वाकला. इतका वाकला, की तेलाआधी मला त्याच्या शर्टाच्या साबणाचा वास आला.

"जळका येतोय?"

"छे... मस्त येतोय."

"मी तेलाबद्दल विचारतेय, चष्मेवाले!"

"मीही तेलाबद्दलच सांगतोय," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तेल म्हातारं झालं होतं, जळलं नव्हतं. म्हणजे गिअरबॉक्स वाचणार होता. पण इतक्या जुन्या गाडीचं तेल आम्ही एका दमात बदलत नाही. थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं, आठवडाभर गाडी फिरवायची आणि पुन्हा बघायचं.

"म्हणजे दर शनिवारी यावं लागेल," मी म्हणाले.

"दर शनिवारी?"

"जमणार नाही का?"

"नाही, म्हणजे... जमेल! जमवतो की."

आणि त्याने जमवलं. तेल निथळत असताना तो बाबांच्या चष्म्याची सैल दांडी घट्ट करी, माझ्या हातात पाना देताना हमखास चुकीचा देई, आणि मी ओरडले की खूश होई. कुणाला साधं बसा न म्हणणाऱ्या बाबांनी त्याला आपलं स्टूल दिलं. तिसऱ्या शनिवारी मी फडक्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अजून एक खेप लागेल." दुसऱ्या गाडीखाली पडलेले बाबा उगाचच खोकले.

चौथ्या खेपेला त्याने बातमी आणली. मामांनी गाडी विकायचं ठरवलं होतं. एक निवृत्त मुख्याध्यापिका घेणार होत्या. अट एकच, तेल चांगलं आहे असं मी सांगायला हवं. पुढच्या शनिवारी त्या येणार होत्या.

गाडी गेली की शनिवारही गेले! तो आठवडा मला जेवण गोड लागलं नाही. मला तो आवडत होता, सरळ सांगायचं तर फार आवडत होता.

शनिवारी सगळे आले. मामा काठी टेकत, बाई पर्स सावरत. मी फडकं शोधतेय तोच चष्मेवाला पुढे झाला. त्याच्या हातात आधीच एक फडकं होतं, त्यावर काळाकुट्ट डाग.

"मी सकाळीच बघितलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काळं पडलंय. विकण्यासारखी नाही गाडी. अजून... बऱ्याच खेपा लागतील."

बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली. मी फडकं नाकाशी नेलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे गिअरचं तेल नव्हतंच! लबाडाने शेजारची पट्टी उपसली होती, इंजिनाची. इंजिनाचं तेल वापरून काळंच होतं. खोटं बोलायचं ठरवलं, तेही धड जमलं नव्हतं.

मी गप्प बसले असते, तर पुढचे सगळे शनिवार माझे होते. पण मामांकडे लक्ष गेलं. ते गाडीच्या छतावरून हात फिरवत होते. "म्हणजे आता अंगणात गंजायची," ते पुटपुटले. "कुणीतरी फिरवेल, एवढंच हवं होतं मला."

"थांबा, मामा," मी म्हणाले. "हे इंजिनाचं तेल आहे. पट्टी चुकली."

इंजिन गरम होतंच, ते चालू केलं. मी स्वच्छ फडकं घेतलं, बरोबर पट्टी उपसली, आणि थेंब टेकवला. लालबुंद! बाईंनी चष्म्यातून नीट निरखला, मामांनी हसून गाडी त्यांच्या हवाली केली, आणि दोघं चक्कर मारायला निघालेसुद्धा. निळी गाडी वळणावर दिसेनाशी झाली, एकही उचकी न देता.

तो तिथेच उभा होता, काळं फडकं मुठीत घेऊन.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

"गाडी गेल्यावर मी इथे कुठल्या निमित्ताने येणार होतो?" तो म्हणाला. "मला तेलातलं काही कळत नाही. मी तुम्हाला बघायला येत होतो. मला... तुम्ही फार आवडता."

उत्तर आलं ते बाबांचं, दुसऱ्या गाडीखालून.

"अहो चष्मेवाले, लाल डाग तिसऱ्याच शनिवारी पडला होता. चौथी खेप कशाला काढली, ते विचारा हिला!"

"बाबा!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "खरंच?"

"एवढा चष्मा लावून हिंडतोस," मी म्हणाले, "आणि एवढं दिसलं नाही तुला?"

त्याने घाईघाईने चष्मा काढला आणि पुसला, हातातल्या त्याच तेलकट फडक्याने. पुन्हा डोळ्यांवर चढवला, तर दोन्ही काचा काळ्या!

"आता तर काहीच दिसत नाही," तो म्हणाला.

"मग हात धर," मी म्हणाले, आणि माझा काळा हात पुढे केला.